पावसाची नोंद आणि घड्याळांचा मेळ

शेतीच्या कामात वेळेचे महत्त्व शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. वाफसा साधला तर पेरणी साधते. तो हुकला की तेच बियाणे, तेच खत आणि तीच मेहनत निम्मे फळ देते. परंतु ज्या यंत्रांवर आज पावसाचा व उष्णतामानाचा हिशेब ठेवला जातो, त्या यंत्रांतील घड्याळांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्राने पाऊस अचूक मोजला, पण तो केव्हा पडला हे चुकीचे लिहिले, तर ती नोंद अर्धी खोटी ठरते आणि प्रसंगी तिच्यामुळे शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होते. हे कसे घडते, यंत्रांची घड्याळे का चुकतात, ती एकमेकांशी कशी जुळवून घेतली जातात आणि त्याबाबत गावपातळीवर काय पाहावे, याची माहिती पुढे दिली आहे.

पावसाचा दिवस केव्हा सुरू होतो ?

साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील एक महसूल मंडळ आहे. राज्यातील महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यासाठी २०१७ मध्ये महावेध प्रकल्प सुरू झाला व आरंभी २,०६५ मंडळे त्यात धरण्यात आली. अशा केंद्रात पाऊस, उष्णतामान, हवेतील आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा यांची नोंद होते आणि ती ठरावीक मिनिटांनी मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकाकडे पाठविली जाते. केंद्रात माणूस बसलेला नसतो. म्हणून 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी यंत्राच्या घड्याळावर अवलंबून राहते.

पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीप्रमाणे आदल्या दिवशी सकाळी ८.३० पासून त्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत पडलेला पाऊस हा त्या तारखेचा पाऊस होय. तालुक्याच्या ठिकाणी नळीने पाऊस मोजण्याची वेळही हीच असते. सकाळचे साडेआठ हे पावसाच्या वहीतील जणू गावशिवार आहे. त्या शिवेच्या अलीकडचे पाणी एका तारखेस व पलीकडचे दुसऱ्या तारखेस लागते.

महाराष्ट्रात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तेथे अतिवृष्टी झाली असे धरतात, आणि पीकनुकसानीचा विचार करताना ही नोंद पाहिली जाते. फळपिकांच्या हवामानावर आधारलेल्या विम्यातही अमुक कालावधीत अमुक पाऊस किंवा अमुक उष्णतामान अशीच अट असते. तेव्हा पावसाचा आकडा आणि त्याची तारीख ही दोन्ही एकाच जोखमीची आहेत.

अर्ध्या तासाची चूक काय करते ?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, रात्र कोरडी गेली व सकाळी ६ वाजता पाऊस सुरू झाला. सहा ते सात या तासात २० मि.मी., सात ते आठ या तासात २५ मि.मी. आणि आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात २५ मि.मी. पाऊस पडून तो थांबला. एकूण ७० मि.मी. पाऊस एकाच तारखेस लागला व मंडळ अतिवृष्टीच्या मर्यादेत आले.

आता केंद्राचे घड्याळ अर्धा तास पुढे आहे असे समजा. खरे आठ वाजले तेव्हा त्या घड्याळात साडेआठ झाले व यंत्राने दिवस बंद केला. पहिल्या तारखेस ४५ मि.मी. व दुसऱ्या तारखेस २५ मि.मी. अशी नोंद झाली. दोन्ही दिवस ६५ च्या आत राहिले. शेतात तेच पाणी पडले, तीच सोयाबीन आडवी झाली, बांध तेच फुटले. पर्जन्यमापकानेही एक थेंब कमी मोजला नाही. तरीही कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. दोष मापकाचा नव्हता, घड्याळाचा होता. अशी चूक नंतर शोधून काढणे कठीण असते, कारण आकड्यांची बेरीज बरोबरच येते.

सर्वांना एकच वेळ का हवी ?

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तेथील सूर्यावरून ठरे. लग्नघटिका पाहण्यासाठी पाण्यावर भोक पाडलेले घटिकापात्र ठेवीत व ते बुडावयास २४ मिनिटे लागत. एका गावापुरते हे पुरेसे होते. आगगाडी व तारायंत्र आल्यावर मात्र गावोगावची निरनिराळी वेळ अडचणीची ठरू लागली. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरील वेळ ही सर्व देशाची प्रमाण वेळ म्हणून घेण्यात आली. मुंबईत मात्र ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत चालू राहिली; म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या.

साखरखेर्डा हे प्रमाण रेखांशाच्या सुमारे सहा अंश पश्चिमेस आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्याची वेळ प्रमाण वेळेच्या सुमारे २४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका मागे असते. वर्षाची सरासरी धरता तेथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून चोवीस मिनिटांच्या सुमारास. सूर्यावरून घड्याळ लावणाऱ्याची चूक किती होईल, हे यावरून कळून येईल.

आज देशाची प्रमाण वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. तेथे सीझियम या धातूच्या अणूंवर चालणारी घड्याळे आहेत. सीझियमच्या अणूशी निगडित ९,१९,२६,३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद, अशी सेकंदाची व्याख्या १९६७ मध्ये जगाने स्वीकारली. हवामान केंद्रातील लहानशा घड्याळाचा मेळ अखेरीस या मूळ घड्याळाशी बसला पाहिजे.

यंत्राचे घड्याळ का चुकते ?

केंद्रातील नोंदयंत्रात क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा, एक बारीक स्फटिक असतो. विजेच्या योगाने तो सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो व ती कंपने मोजून यंत्र वेळ ठरविते. हा स्फटिक चांगला असला तरी परिपूर्ण नसतो. साधारण स्फटिकात दहा लाखांत वीस इतका फरक पडू शकतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले असता तो दररोज पावणेदोन सेकंद, महिन्यास सुमारे ५२ सेकंद आणि वर्षास साडेदहा मिनिटे इतका होतो.

त्यात उष्णतेची भर पडते. असा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नीट चालतो. त्याहून ऊन वाढले तरी तो मागे पडतो व थंडी वाढली तरी मागेच पडतो. आणि अंतर दुप्पट झाले की मागे पडणे चौपट होते. विदर्भातील वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या बंद पेटीच्या आतील उष्णतामान ६० अंशांवर गेले, तर एवढ्याच कारणाने घड्याळ त्या मानाने दिवसास साडेतीन सेकंदांहून अधिक मागे पडेल. शेजारच्या मंडळातील पेटी झाडाच्या सावलीत असेल तर तिचे घड्याळ इतके मागे पडणार नाही. अशा रीतीने एकाच दिवशी लावलेली दोन घड्याळे पावसाळा येईपर्यंत एकमेकांपासून दूर जातात.

तिसरे कारण बॅटरीचे. मुख्य वीज किंवा सौरपत्र्याची वीज बंद पडली तरी घड्याळ चालावे म्हणून आत बटणाएवढी लहान बॅटरी असते. ती संपली की यंत्र पुन्हा सुरू होताना आपली मूळ तारीख धरते. पुष्कळ संगणकांत ही तारीख १ जानेवारी १९७० असते व भारतीय वेळेप्रमाणे पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात. काही यंत्रांत २००० साल दिसते. नोंदीत अशी जुनी तारीख आढळली की बॅटरीचा संशय घ्यावा.

घड्याळे जुळवून कशी घेतात ?

दूरच्या संगणकाला वेळ विचारली तर उत्तर येईपर्यंत काही काळ जातो. मग आलेले उत्तर शिळे होत नाही काय ? या अडचणीवर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८० नंतरच्या दशकात जी पद्धत बसविली, तिला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल असे नाव आहे. तिचे तत्त्व साध्या हिशेबाने समजते.

समजा, साखरखेर्ड्याच्या एका कार्यकर्त्यास आपले घड्याळ मेहकरच्या एका बिनचूक घड्याळाशी ताडून पाहावयाचे आहे. तो आपल्या घड्याळात ८.०० वाजता निघाला. मेहकरला पोहोचला तेव्हा तेथील घड्याळात ९.१० झाले होते. तेथून तो त्याच घड्याळाप्रमाणे ९.२० ला निघाला व घरी आला तेव्हा त्याच्या घड्याळात १०.०० वाजले होते. त्याच्या घड्याळाप्रमाणे तो १२० मिनिटे बाहेर होता. त्यांपैकी १० मिनिटे मेहकरला गेली. उरलेली ११० मिनिटे प्रवासाची. म्हणजे जाताना ५५ व येताना ५५. यावरून तो आपल्या घड्याळाच्या ८.५५ ला मेहकरला पोहोचला असला पाहिजे. खरी वेळ तेव्हा ९.१० होती. म्हणून त्याचे घड्याळ १५ मिनिटे मागे आहे.

संगणक नेमके हेच करतात. फक्त त्यांचा प्रवास सेकंदाच्या शतांश किंवा सहस्रांश भागात होतो. या हिशेबात जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा धरला आहे. जाताना चढ व येताना उतार असेल तर चूक राहते, आणि मोबाइलच्या गर्दीच्या जाळ्यात असे घडते. म्हणून यंत्र एकदाच विचारून थांबत नाही. ते पुनःपुन्हा विचारते आणि ज्या फेरीत सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर अधिक विश्वास ठेवते. तसेच ते एकापेक्षा अधिक ठिकाणी विचारते. दोन घड्याळांत तफावत आली तर कोणते खोटे हे सांगता येत नाही. निदान तीन असली तर बिघडलेले एकटे पडते.

चूक कळल्यावर ती कशी दुरुस्त करावी, यालाही नियम आहे. पुढे गेलेले घड्याळ एकदम मागे फिरविले तर तीच दहा मिनिटे दोनदा येतात व एकाच वेळेच्या दोन नोंदी होतात. मागे पडलेले एकदम पुढे ढकलले तर मधल्या काळाची नोंदच राहत नाही. म्हणून चूक थोडी असेल तर घड्याळाची चाल किंचित मंद किंवा जलद करून ती हळूहळू भरून काढतात. चूक मोठी असल्यास घड्याळ एकदम लावावे लागते; परंतु तसे केल्याची नोंद दप्तरात राहिली पाहिजे.

जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते तेथे उपग्रहांचा आधार घेता येतो. जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळे असून त्यांचे संदेश उघड्या आकाशाखाली कोठेही मिळतात. मात्र या उपग्रहांची वेळ जागतिक प्रमाण वेळेपेक्षा १८ सेकंद पुढे असते व ती वजाबाकी यंत्राने करावी लागते. शिवाय ही पद्धत आठवडे १,०२४ पर्यंतच मोजून पुन्हा शून्यापासून आरंभ करते. ७ एप्रिल २०१९ च्या पहाटे असा फेरा पूर्ण झाला, तेव्हा ज्यांत सुधारणा केलेली नव्हती अशा जुन्या यंत्रांची तारीख सुमारे वीस वर्षे मागे जाण्याचा धोका होता. यंत्र उपग्रहाशी जोडलेले आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

अनेक केंद्रे मिळून एक चित्र

एका केंद्राचे घड्याळ चुकले तर एका मंडळाचा हिशेब चुकतो. अनेक केंद्रांचा मेळ बसला नाही तर सर्व परिसराचे चित्रच उलटे होते. समजा, दोन केंद्रे १२ किलोमीटर अंतरावर आहेत व ढग ताशी ३० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जात आहे. पश्चिमेच्या केंद्रावर पाऊस सुरू झाल्यावर २४ मिनिटांनी तो पूर्वेच्या केंद्रावर सुरू होईल. परंतु पूर्वेचे घड्याळ ३० मिनिटे मागे असेल, तर तेथील पाऊस सहा मिनिटे आधी सुरू झाल्याचे कागदावर दिसेल आणि ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला असा निष्कर्ष निघेल. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना व बुलढाणा जिल्ह्यांत झालेल्या गारपिटीसारख्या प्रसंगी वादळ कोणत्या गावावरून केव्हा गेले, हे ठरविताना अशी चूक परवडणारी नाही.

विजेच्या बाबतीत तर वेळेची अचूकता हाच सर्व कारभाराचा पाया आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने वीज कोठे पडली हे टिपणाऱ्या यंत्रांचे जाळे उभारले असून 'दामिनी' या मोबाइलवरील सेवेतून लोकांना इशारा मिळतो. वीज कडाडताच तिच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने चोहोकडे जातात. त्या कोणत्या यंत्रावर किती आधी वा नंतर पोहोचल्या, यावरून जागा काढतात. प्रकाश सेकंदाच्या दहा लक्षांश भागात ३०० मीटर जातो. म्हणजे घड्याळांत एवढी तफावत पडली तरी जागा शेकडो मीटरने चुकू शकते. तफावत सेकंदाच्या सहस्रांश भागाएवढी झाली तर प्रकाश तेवढ्यात ३०० किलोमीटर गेलेला असतो, व त्या नोंदीचा उपयोग राहत नाही. शेतात निंदणी करणाऱ्या बाईस 'आता घरी जा' असा इशारा देणे हे शेवटी त्या घड्याळांच्या मेळावर अवलंबून आहे.

साडेपाच तासांची चूक

पुष्कळ यंत्रे आतल्या आत जागतिक प्रमाण वेळ ठेवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे पहाटेचे तीन. हा फरक मिळवावयाचा राहिला तर पावसाचा दिवस सकाळी साडेआठऐवजी दुपारी दोन वाजता बदलतो व दुपारचा वळवाचा किंवा परतीचा पाऊस दोन तारखांत वाटला जातो.

ही चूक ओळखण्याची सोपी खूण आहे. निरभ्र दिवशी सर्वांत अधिक उष्णतामान बहुधा दुपारी दोन ते तीनच्या सुमारास व सर्वांत कमी सूर्योदयाच्या सुमारास असते. नोंदीत कमाल उष्णतामान सकाळी नऊच्या सुमारास व किमान मध्यरात्रीनंतर लगेच दिसत असेल, तर साडेपाच तास मिळविलेले नाहीत असे समजावे. सूर्य कोणाच्या यंत्रासाठी आपली चाल बदलत नाही, हे या परीक्षेचे मर्म आहे.

दुसरी अशीच फसगत उशिरा पोहोचणाऱ्या नोंदींची. पावसाच्या रात्री मोबाइलचे जाळे बंद पडते. यंत्र नोंदी साठवून ठेवते व सकाळी एकदम पाठविते. दूरच्या संगणकाने मोजल्याची वेळ सोडून पोहोचल्याची वेळ लिहिली, तर रात्रभराचा पाऊस सकाळी एका क्षणात पडल्यासारखा दिसेल. वरातीमागून घोडे यावे आणि तीच वरात समजली जावी तसा हा प्रकार होय. म्हणून प्रत्येक नोंदीस मोजल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ अशा दोन वेळा असाव्यात आणि हिशेब पहिल्या वेळेने व्हावा.

ठिबक संचातील घड्याळे

ही काळजी शेतावरील यंत्रांसही लागू आहे. काही शेतकरी ठिबक संचाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालणाऱ्या नियंत्रकांनी उघडतात. एका भागाचा व्हॉल्व्ह सहा वाजता बंद व्हावयाचा आणि दुसऱ्याचा त्याच वेळी उघडावयाचा असेल, आणि दुसऱ्याचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर पाच मिनिटे दोन्ही बंद राहून पंपाचा सर्व दाब मुख्य नळीवर येतो व सांधे सुटतात. म्हणून पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावरच मागचा बंद होईल अशी एक-दोन मिनिटांची गुंतवण ठेवावी, आणि शक्य तेथे सर्व व्हॉल्व्ह एकाच नियंत्रकाच्या घड्याळावर चालवावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे ?

१. आपल्या मोबाइलमधील तारीख व वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवावी. हाताने लावलेल्या घड्याळाशी यंत्राची तुलना करू नये.

२. साधा पर्जन्यमापक उघड्या जागी ठेवून रोज बरोबर सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजावा. पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ वहीत लिहावी. केंद्र दूर असल्यास पावसाच्या प्रमाणात फरक पडेल. परंतु तोच ढग असूनही वेळेत नेहमी सारखाच फरक पडत असेल तर तो घड्याळाचा दोष समजावा.

३. महिन्यातून एकदा कमाल व किमान उष्णतामानाची वेळ पाहून वर सांगितलेली परीक्षा घ्यावी.

४. वीज दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर नोंदीतील तारीख अवश्य पाहावी. १९७० किंवा २००० साल आढळल्यास त्याच दिवशी कळवावे.

५. मृगापूर्वी केंद्राची देखभाल होते तेव्हा घड्याळ, लहान बॅटरी व वेळ जुळविण्याची सोय तपासली गेली किंवा नाही, हे विचारून घ्यावे.

६. परीक्षा म्हणून पर्जन्यमापकात स्वतः पाणी ओतू नये. त्याने खोट्या पावसाची नोंद होते. यंत्राचे घड्याळही परस्पर फिरवू नये. दोष आढळल्यास खरी वेळ, यंत्राची वेळ व तारीख लिहून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी कळवावे.

या कामास खर्च नाही. एक वही, एक साधा पर्जन्यमापक व रोजची पाच मिनिटे पुरतात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा उद्देश आहे. यंत्रे वाढतील तशी घड्याळेही वाढतील आणि त्यांचा मेळ ठेवण्याची गरजही वाढेल. मंडळात अतिवृष्टी झाली की नाही असा वाद उभा राहील त्या दिवशी, ज्या गावाच्या वहीत पावसाची खरी वेळ लिहिलेली असेल, त्या गावास आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येईल.